डाव्या बाजूची खालची दाढ

डॉक्टर दुमसियांकडे मी अकरा वर्षं आहे,
माझगावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर.
माझं इंग्रजी एवढंच : ओपन, क्लोज, स्पिट.
तेवढ्यावर मी पारशी, बोहरी, ईस्ट इंडियन
आणि एक रिटायर्ड न्यायाधीशसुद्धा
गप्प बसवलेत.

तो आला तेव्हा गाल शहाळ्याएवढा.
बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती,
कागद अडकले होते म्हणे कुठेतरी.
सोबत शिपिंग एजंट वेर्णेकर,
दुभाषा म्हणून आणलेला,
तो एसीखाली बसला आणि घोरायला लागला.

मी कार्ड काढलं.
नाव त्याने पासपोर्टच्या झेरॉक्सवर दाखवलं :
रोदेल मागबानुआ. वय एक्केचाळीस. काम, कूक.
पत्ता विचारला तर खिडकीकडे बोट केलं.
खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची
वाळत घातलेली चादर दिसते, निळ्या फुलांची.
तिच्या पलीकडे समुद्र आहे, हे खरं.
मी लिहिलं : चादरीमागे.

इंजेक्शननंतर त्याची अर्धी जीभ गेली.
आता त्याला त्याचीही भाषा येईना.
तेव्हा कुठे आमची बरोबरी झाली.

दुसऱ्या सीटिंगला तो आल्या आल्या म्हणाला, "मासाकीत."
मी म्हटलं, मासा कितीला? सुरमईचं नाव काढू नकोस,
बांगडा घे, भाऊच्या धक्क्यावर, पहाटे जा.
"मासाकीत," त्याने गाल दाबला, डोळ्यांत पाणी.
हो रे बाबा, मी म्हटलं, महागाईच तशी आहे.
आतून डॉक्टर ओरडले,
"तांडेल! अरे, एने दुखे छे!"

मग मला बोलत काय होता ते कळलं
आणि मी हसू दाबलं, तर तोच हसला,
अर्ध्या तोंडाने,
उरलेलं अर्धं जागच्या जागी.

तिसऱ्या वेळी मी डबा जास्तीचा नेला.
बांगड्याचं आंबट, काटे काढून, भात मऊ.
तो उजव्या बाजूने जेवला, डोळे मिटून,
बोटीवर वीस माणसांना रांधणारा माणूस
कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं.
"मासारप," म्हणाला.
मासा आहे, मी म्हटलं. रप काय ते मला माहीत नाही.
"मासारप, आते."
आते?
मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे,
कार्डावर तुझं वय माझ्याच अक्षरात आहे!
वेर्णेकर तेवढ्यापुरता जागा झाला :
"त्यांच्यात ताईला म्हणतात."
आणि परत झोपला.
अकरा वर्षांत त्या खुर्चीवर कोणी मला
काहीच म्हणालं नव्हतं. सिस्टर, फार तर.

त्याने मोबाइलवर मुलगी दाखवली,
पुढचे दोन दात नसलेली, खिडकी उघडी टाकून हसणारी.
मी म्हटलं, येतील.
हे मात्र त्याला नीट कळलं.

जाताना दरवेळी दार ओढून घेत म्हणायचा, "सलामत."
दाढ त्याची आणि सलामत राहायचं मी.
मीही म्हणायचे, सलामत.

बोट मंगळवारी रात्री भरतीला गेली.
कॅप लॅबमधून आली गुरुवारी.
पोर्सिलेनची, थोडी पिवळट,
चहा पिणाऱ्या माणसाच्या दातांशी जुळवलेली,
कानातल्यासारखी डबीत, कापसावर.
डॉक्टर म्हणाले, टाकून दे.
आमच्या घरी बाप दर्यावर असला
की आय त्याचं ताट पालथं घालत नसे.
मी डबी ड्रॉवरमध्ये ठेवली,
स्टेपलर आणि पावतीपुस्तकाच्या मध्ये.

कुठल्या बंदरात कोण जाणे,
तो अजून उजव्या बाजूनेच चावत असेल.
काल हिशेब करताना डॉक्टर बोलले,
कॅपचे पैसे बाकी आहेत, बिल पाठव पत्त्यावर.
मी कार्ड काढलं, खिडकीशी गेले.
समोरच्यांनी चादर बदललीय.